तराजू मालवणात, वजने दिल्लीत

दरवर्षी २४ डिसेंबरला तालुक्या-तालुक्याच्या कचेऱ्यांतून राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याची ही आठवण. वजनमापांचे निरीक्षक येतात, अन्न व औषध प्रशासनातले कोणी येतात, गॅसचा सिलिंडर वजन करून घ्यावा असे सांगितले जाते, चहा होतो. आमच्या किनाऱ्यावरील अशाच एका सभेत आभारप्रदर्शनाची वेळ झाली असताना मागच्या रांगेतून मासळी विकणारी एक बाई उठली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने तीन ठेवपावत्या काढल्या. नवऱ्यामागे होडी आणि इंजिन विकून आलेले पैसे तिने गावातल्या एका पतसंस्थेत मुदतठेवीत ठेवले होते. मुदत संपून बावीस महिने झाले होते आणि शाखेला कुलूप होते.

व्यासपीठावरील अधिकारी सज्जन होते. त्यांनी पावत्या निरखून पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, ही संस्था बहुराज्यीय आहे. हिचे निबंधक दिल्लीला बसतात. राज्याच्या सहकार खात्याला हिच्यावर अधिकार नाही. तुम्ही दिल्लीला लिहा." बाई म्हणाली, "दिल्लीक लिवलंय, सायबांनु. आठ म्हयने झाले. आता ह्यो कागद घेवन मी खंय जांव?" त्यावर सभेत कोणी काही बोलले नाही. आभार मानले गेले.

केंद्र-राज्य संबंध हा विषय विधिमंडळातल्या भाषणांचा, घटनापंडितांचा आणि फार तर सरकारिया आयोगाच्या अहवालाचा आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. त्या बाईच्या प्रश्नाने तो मासळीबाजारात आणून ठेवला. ग्राहकाचे संरक्षण कोणी करायचे, दिल्लीने की मुंबईने, या वादाची किंमत अखेरीस कोण मोजतो हे पाहावयाचे असेल तर तिच्या तीन पावत्यांपासून आरंभ करणे सोयीचे होईल.

प्रथम घटना काय म्हणते ते पाहू. सातव्या परिशिष्टातील तिन्ही सूच्या शोधल्या तरी 'ग्राहक संरक्षण' नावाचा विषय कोठेही सापडत नाही. घटनाकारांनी ग्राहकाचे तुकडे तुकडे करून ते तीन सूच्यांत वाटले आहेत. त्याचा बँकेशी, विम्याशी, कंपनीशी येणारा संबंध संघसूचीत. राज्यांतर्गत व्यापार, बाजार आणि जत्रा, सावकारी, सहकारी संस्था हे राज्यसूचीत. आणि करार, खाद्यपदार्थांतील भेसळ, किंमतनियंत्रण हे समवर्ती सूचीत. वजनमापांची प्रमाणे ठरविण्याचा अधिकार पहिल्यापासून संघाचा होता आणि ते योग्यच होते. मीटर हा सर्वत्र मीटरच हवा. पायली आणि शेर गावागणिक बदलत असत तेव्हा कोण कोणाला लुबाडत असे हे जुन्या कुळांना चांगले ठाऊक आहे. पण ती प्रमाणे बाजारात पाळली जातात की नाही हे पाहण्याचा, म्हणजे तराजूवर देखरेख करण्याचा, विषय मूळ घटनेत राज्यांकडे होता.

तो तेथून कधी हलला? १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. त्या दुरुस्तीने पाच विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले. शिक्षण आणि वने यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वन्य पशुपक्षी आणि न्यायदानाची व्यवस्था हे आणखी दोन. पाचवा विषय वजनेमापे; त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात असताना मालवणच्या बाजारातला तराजू दिल्लीच्या कक्षेत गेला आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही. पुढे १९७७ साली जनता पक्षाची राजवट आली. आमच्याच विचारांची माणसे त्या मंत्रिमंडळात होती. राजापूर मतदारसंघातून निवडून गेलेले मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. आणीबाणीतली बरीच घाण त्या राजवटीने त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने धुऊन काढली, हे तिचे मोठेच श्रेय. मात्र हे पाच विषय जेथे नेले होते तेथेच राहिले. राज्यसभेत बहुमत नव्हते ही सबब खरी आहे. पण ते परत आणण्यासाठी आपण पुढे किती मोर्चे काढले, हेही स्वतःला विचारले पाहिजे. २००९ सालचा वैध मापनशास्त्राचा कायदा हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. कायदा आणि नियम केंद्राचे, निरीक्षक आणि त्यांचा पगार राज्याचा.

ही जी वाटणी आहे, हुकूम एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, ती नीट ध्यानात ठेवावी. पुढे ती वारंवार भेटणार आहे.

आता ठेवींकडे वळू. कोकणातली बचत ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीतून, आंब्याच्या एका बऱ्या हंगामातून, बांगड्याची रास लागली त्या आठवड्यातून ती साठते आणि ती ठेवायला जवळ जे असेल तेथे ती जाते. बँकेतील ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. हा फरक ठेवीदाराला कोणी सांगत नाही. पावतीचा कागद दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत असतो.

नव्वदच्या दशकात ठेवी गोळा करून पसार होणाऱ्या वित्तसंस्थांचे पेव फुटले तेव्हा केंद्राने त्यांना आवर घालणारा पुरेसा कायदा केला नव्हता. तो आधी राज्यांनी केला. तामिळनाडूने १९९७ साली, महाराष्ट्राने १९९९ साली. महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा हा कायदा आमच्या मते राज्याने केलेल्या उत्तम कायद्यांपैकी एक आहे. त्याचे मर्म असे की बुडव्या संस्थेची आणि तिच्या चालकांची मालमत्ता सरकार जप्त करू शकते, उपजिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी ती ताब्यात घेतो आणि जिल्ह्यातले नियुक्त न्यायालय ती विकून ठेवीदारांचे पैसे वाटते. ठेवीदाराला दिल्ली पाहावी लागत नाही, मुंबईही पाहावी लागत नाही.

या कायद्याचे पुढे काय झाले? २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरविला. कारण असे की कंपन्या आणि बँकव्यवसाय हे विषय संघसूचीतले. राज्याने त्यात हात घालण्याचे कारण नाही. तिकडे मद्रास उच्च न्यायालयाने जवळजवळ तशाच कायद्याला वैध ठरविले होते. म्हणजे एकच घटना, एकच सातवे परिशिष्ट, आणि मदुराईच्या ठेवीदाराला संरक्षण असताना मालवणच्या ठेवीदाराला ते नाही! अखेर २०११ साली तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पूर्णपीठाशी असहमती नोंदवून असे कायदे करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. कायदा झाल्यापासून हे सांगितले जाईपर्यंत बारा वर्षे उलटली होती. तेवढ्या काळात किती ठेवीदार पावत्यांसकट स्मशानात गेले याची मोजदाद कोण करणार? केंद्राला स्वतःचा, अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घालणारा कायदा करायला २०१९ साल उजाडावे लागले. तामिळनाडूनंतर बावीस वर्षे.

यातून निघणारा धडा एका राज्यापुरता नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, देशाने त्या धर्तीवर २००५ साली. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला, केंद्राने २००५ साली. सदनिका घेणाऱ्याला बिल्डरपासून वाचविणारा कायदा महाराष्ट्राने १९६३ सालीच केला होता. जेथे दुखते तेथला कायदेमंडळाचा सभासद आधी ओरडतो, कारण तो एस.टी.च्या थांब्यावर लोकांच्या हाती सापडतो. केंद्राला ऐकू यायला वेळ लागतो. ही अंतराची अडचण आहे. कोणाच्या बुद्धीवर हे टीकाशास्त्र नाही.

परंतु पैसे ठेवणाऱ्या गरिबाच्या बाबतीत न्यायालयाने जे मान्य केले ते पैसे उसने घेणाऱ्या गरिबाच्या बाबतीत मात्र मान्य झाले नाही. २०२२ सालच्या वसंत ऋतूतील तीन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १ एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेने सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या व्याजदरावरील कमाल मर्यादा उठविली. दर कंपन्यांनीच 'रास्तपणे' ठरवावा असे सांगितले. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या ठेवीदार संरक्षण कायद्याचा विस्तार रुंद करून एका मोठ्या वस्तुबाजार संस्थेलाही तो लागू होतो असा निर्णय दिला. आणि १० मे रोजी त्याच न्यायालयाने केरळ आणि गुजरात यांच्या सावकारी कायद्यांच्या संदर्भात सांगितले की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. सावकारी हा विषय राज्यसूचीत आहे. पण सावकाराने कंपनी काढून रिझर्व्ह बँकेत नाव नोंदविले की तो राज्याच्या हाताबाहेर जातो. गावात परवाना घेऊन पाच-पंचवीस हजार देणाऱ्या सावकाराचा व्याजदर राज्य ठरविणार. आणि बचतगटाच्या बायकांना आठवड्याच्या हप्त्याने कर्ज वाटणाऱ्या कंपनीचा दर कंपनी ठरविणार. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्यालासुद्धा यातला न्याय विद्यार्थ्यांना समजावून देता आला नसता.

अमेरिकेचा दाखला येथे उपयोगी पडेल, कारण भांडवलदारीच्या माहेरघरी हा प्रयोग आधी होऊन गेलेला आहे. जॉर्जिया राज्याने २००२ साली गृहकर्जातील लुटीला आवर घालणारा कायदा केला. २००३ साली संघराज्याच्या बँकनियंत्रकाने जाहीर केले की राष्ट्रीय बँकांना तो लागू नाही, आणि पुढच्या वर्षी हीच भूमिका सर्व राज्यांसाठी नियमबद्ध केली. २००७ साली मिशिगनच्या एका खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या उपकंपन्यांनाही राज्यांच्या देखरेखीतून मोकळे केले. २००८ साली काय झाले ते जगाला ठाऊक आहे. त्या कोसळण्याला कारणे अनेक होती. तरी ज्या राज्यांनी धोक्याची घंटा वाजविली त्यांच्या हातून ती काढून घेतली गेली होती, हे विसरता येत नाही. २०१० सालच्या कायद्याने तेथील काँग्रेसने ही चूक काही अंशी दुरुस्त केली.

याचा अर्थ राज्ये नेहमी ग्राहकाच्या बाजूची आणि केंद्र नेहमी विरोधात, असा कोणी काढू नये. तसे म्हणणे सोपे आहे, काही प्रादेशिक पक्षांना ते गोडही वाटेल; पण ते खरे नाही. घरांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. महाराष्ट्राने २०१२ साली गृहनिर्माण नियमनाचा एक कायदा केला होता. ग्राहकांची बाजू मांडणाऱ्यांना तो दुबळा वाटत होता, आणि मुंबईत बिल्डरांचे वजन कोठवर पोहोचते हे जाणणाऱ्याला त्याचे आश्चर्य वाटले नाही. २०१६ साली केंद्राने स्थावर संपदा कायदा केला आणि त्याच्या ९२ व्या कलमाने महाराष्ट्राचा हा कायदा नावानिशी रद्द केला. ग्राहकाचे त्यात हितच झाले. पश्चिम बंगालने २०१७ साली केंद्राचा कायदा बाजूस ठेवून स्वतःचा, बराचसा त्याचीच नक्कल असलेला आणि काही ठिकाणी ग्राहकाला कमी देणारा कायदा केला. राष्ट्रपतींची संमतीही घेतली नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. डाव्यांच्या वारशाचा उच्चार करणाऱ्या त्या राज्यात तो झाला म्हणून त्याची भलामण करण्याचे कारण नाही.

तेव्हा कसोटी कोणती लावायची? आमच्या मते अशी: केंद्राने जोते बांधावे. देशातल्या कोणत्याही ग्राहकाला त्याखाली ढकलण्याची मुभा कोणत्याही राज्याला नसावी. पण त्या जोत्यावर मजला चढविण्यास राज्य मोकळे असावे, आणि केंद्राने वर छप्पर घालून तो अडवू नये. ग्राहक संरक्षण कायद्यातच या तत्त्वाचे बीज आहे. १९८६ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने आणि २०१९ च्या कायद्याच्या शंभराव्या कलमाने सांगितले आहे की हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, बाधक नाही. या एका वाक्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला २००३ साली तामिळनाडूतल्या एका कृषी पतसंस्थेच्या प्रकरणात सांगता आले की सहकार कायद्यात वेगळी वाट असली तरी सभासद ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो.

म्हणजे मासळीवाल्या बाईला दिलेले उत्तर अपुरे होते. तिला दिल्लीला लिहिण्याची सक्ती नव्हती. ती ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकत होती. २०१९ च्या कायद्याने तर तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करण्याची सोय दिली आहे. ठेवीदार संरक्षण कायद्याखाली पोलिसांत जाऊ शकत होती. जळगावपासून बीडपर्यंत बहुराज्यीय पतसंस्थांच्या चालकांवर त्याच कायद्याचा बडगा उचलला गेला आहे. सज्जन अधिकाऱ्याला हे ठाऊक नव्हते, कारण 'हा विषय आपला नाही' या चार शब्दांनंतर आपल्या नोकरशाहीत विचार थांबतो. आणि दिल्लीच्या उत्तराची वाट पाहण्यात बाईचे आठ महिने गेले. ग्राहक आयोगाकडे जाण्यास कायदा सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत देतो.

बहुराज्यीय संस्थांविषयी आणखी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. सहकार हा राज्यसूचीतला विषय. पण दोन राज्यांतून प्रत्येकी पन्नास सभासद दाखविले की संस्था बहुराज्यीय म्हणून नोंदविता येते आणि तिचे निबंधक दिल्लीचे होतात. आमच्या जिल्ह्याच्या एका अंगाला गोवा आणि दुसऱ्या अंगाला कर्नाटक. पत्रादेवीच्या पलीकडे पन्नास माणसे मिळविणे कितीसे कठीण? १९५५ साली सत्याग्रहींनी ती सीमा ओलांडताना छातीवर गोळ्या झेलल्या. आज राज्याच्या निबंधकाची नजर चुकविण्यासाठीही तीच सीमा उपयोगी पडू शकते. देशात सर्वाधिक बहुराज्यीय संस्था महाराष्ट्रात असाव्यात हा केवळ योगायोग नव्हे. २०२३ साली केंद्राने या कायद्यात दुरुस्ती करून सहकार लोकपाल नेमण्याची तरतूद केली. ती स्वागतार्ह आहे. पण पुन्हा एक पद, पुन्हा दूर.

दूर असणे ही ग्राहकाच्या दृष्टीने किरकोळ गैरसोय नाही. ती किंमत आहे आणि ती अर्थशास्त्रातल्या कोणत्याही किमतीसारखी मोजता येते. देवबागहून ओरोसला जाऊन येण्यात एका माणसाची दिवसाची मजुरी, एस.टी.चे भाडे आणि बाहेरचे जेवण जाते. बाराशे रुपयांचा मिक्सर बिघडला तर शहाणा ग्राहक तक्रार करत नाही. आणि हजार शहाण्या ग्राहकांनी तक्रार केली नाही की बिघडके मिक्सर विकणे हा फायद्याचा धंदा होतो. म्हणूनच एकेकट्याच्या तक्रारीऐवजी सर्वांच्या वतीने दुकानदाराला वा कारखानदाराला जाब विचारणारी सत्ता लागते. २०१९ च्या कायद्याने ती निर्माण केली खरी. २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. फसव्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करण्याचा, सदोष माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. पण राज्यात त्याचे भावंड नाही. जिल्हाधिकाऱ्याचे काम कायद्याच्या सोळाव्या कलमात सांगितले आहे: चौकशी करावी आणि अहवाल प्राधिकरणाला पाठवावा. ज्या जिल्हाधिकाऱ्याला दंगल होईल असे वाटल्यास रात्रीतून जमावबंदी लावता येते, त्याला शंभर गिऱ्हाइकांना फसविणाऱ्या दुकानाविरुद्ध अहवालापलीकडे काही करता येत नाही.

याच्या उलट घरांचा कायदा पाहा. तोही केंद्राचाच. पण त्याने नियामक प्राधिकरण राज्यात बसविले. महाराष्ट्राचे प्राधिकरण २०१७ च्या महाराष्ट्रदिनी कामाला लागले आणि आज सदनिका घेणारा माणूस, त्याच्या कामाबद्दल कितीही कुरकुर करो, त्याचे दार कोठे आहे हे जाणतो. कायदा देशाचा आणि सत्ता राज्याची, ही जोडणी घरासाठी चालते तर औषधाच्या गोळ्या, मुलांचे क्लास आणि ऑनलाइन मागविलेला मोबाइल यांसाठी का चालू नये, याचे उत्तर केंद्राने कधी दिलेले नाही.

आणि जिल्हा आयोगांचे तरी काय? १९८६ च्या कायद्यात सभासदांची पात्रता कायद्यातच होती. २०१९ च्या कायद्याने पात्रता आणि निवडीची रीत ठरविण्याचे अधिकार केंद्राच्या नियमांकडे दिले. नेमणूक, इमारत, कारकून आणि पगार राज्याकडे राहिले. २०२० च्या नियमांनी जिल्हा आयोगाच्या सभासदाला पंधरा वर्षांचा अनुभव आणि चार वर्षांची मुदत सांगितली. चालू वकिली सोडून चार वर्षांसाठी कोणता चांगला वकील येईल? २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने यातले काही नियम रद्द केले, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करून दहा वर्षांचा अनुभव आणि लेखी परीक्षा सांगितली, आणि मे २०२५ मध्ये केंद्राला नवे नियम करण्यास व कायमस्वरूपी न्यायमंडळाचा विचार करण्यास सांगितले. हे सर्व चालू असताना देशभर खुर्च्या रिकाम्या पडत होत्या. इतक्या, की २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला आपण होऊन दखल घ्यावी लागली. केंद्राला विचारावे तर नेमणूक राज्याने करायची. राज्याला विचारावे तर नियम केंद्राचे आहेत आणि प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. दोघांचीही उत्तरे कायद्याने बरोबर. महाराष्ट्र सरकारने यात स्वतःला पीडित म्हणवून घेऊ नये. कारकुनाचे पद भरायला कोणत्याही केंद्रीय नियमाची आडकाठी नव्हती.

डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब सांगितले होते. आपल्या केंद्र-राज्य वादात नेहमी दोनच खांब बोलतात. जिल्हा आणि गाव यांचे कोणी वकीलपत्र घेत नाही. मुंबईला दिल्लीकडून अधिकार हवे असतात, पण मुंबईने ते ओरोसला द्यावेत असे मुंबईत क्वचितच कोणाला वाटते. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तो राज्यकारभार जवळ यावा म्हणून. कचेऱ्या आल्या. त्यांच्याबरोबर निर्णय करण्याची सत्ता किती आली, हे ग्राहक दिनाच्या सभेत दिसले.

महाराष्ट्रातील ग्राहक चळवळ सरकारी कायद्यातून जन्मलेली नाही. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यासह मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. दोन्हीकडील माणसांचे राजकीय विचार एकमेकांशी जुळणारे नव्हते आणि तसे भासविण्याचेही कारण नाही. पण कायदा १९८६ साली आला तो या गलबल्यानंतर. आता त्याच बळाने काही नेमक्या मागण्या राज्य विधिमंडळापुढे आणि कोकणच्या खासदारांपुढे ठेवल्या पाहिजेत. ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन राज्य प्राधिकरण यावे आणि जिल्हाधिकाऱ्याला तात्पुरत्या मनाई हुकमाचा अधिकार मिळावा. बहुराज्यीय पतसंस्थेच्या ज्या शाखा एखाद्या राज्यात ठेवी घेतात त्या शाखांची तपासणी करण्याचा अधिकार त्या राज्याच्या निबंधकाला असावा. दिल्लीला हवे तर त्याची प्रत मिळो. लहान कर्जाच्या व्याजदरावर कमाल मर्यादा पुन्हा बसावी, आणि रिझर्व्ह बँकेला ती बसवायची नसेल तर संसदेने राज्यांना मोकळीक द्यावी. आणि घटनादुरुस्तीची वाट न पाहता राज्य सरकारला उद्या सकाळी करता येण्याजोगे एक काम: प्रत्येक तहसील कचेरीत, ठेव बुडाल्यास कोणत्या दारी जावे, हे मराठीत लिहिलेला एक फलक आणि तो वाचून दाखविणारा एक माणूस.

सभेनंतर गावातील एका वकिलांनी फी न घेता बाईचा तक्रारअर्ज लिहून दिला. रक्कम पाच लाखांच्या आतली असल्याने शुल्क पडले नाही. ठेवीची मुदत संपल्याला तेवीस महिने पुरे होत असताना अर्ज ओरोसला दाखल झाला. संस्थेच्या नोंदलेल्या पत्त्यावर नोटीस गेली आहे. पोच अद्याप आलेली नाही.